‘ॲन’ एक्स-रे, पण ‘अ’ यू-ट्यूब!

पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माणसाने इंग्रजी व्याकरणावर लेख लिहावा, हे तुम्हांला थोडे चमत्कारिक वाटेल. पण अकरावीच्या विज्ञान शाखेचा वर्ग घेणाऱ्या कोणाही प्राध्यापकाला विचारून पाहा. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेली मुले वर्गात येतात. उत्तोलक, घर्षण, अपवर्तन सारे त्यांना चांगले येत असते. पण पुस्तक एकदम इंग्रजीत आलेले असते. वर्गात प्रश्न विचारला की उत्तर माहीत असलेला मुलगा खाली मान घालून बसतो. तास संपल्यावर मात्र हळूच येऊन विचारतो, “सर, ‘अ एक्स-रे’ म्हणायचे की ‘ॲन एक्स-रे’?” म्हणजे अडले होते ते क्ष-किरणापाशी नाही, त्याच्या आधीच्या एवढ्याशा शब्दापाशी!

अशा प्रश्नांना “तो नियमच आहे, पाठ कर” असे उत्तर देणे सोपे असते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मात्र ते पटू नये. आपण प्रयोगशाळेत काय करतो? निरीक्षणे जमवितो, त्यांतून नियम शोधतो, आणि मग तो नियम कोठे मोडतो का हे पाहतो. व्याकरणाच्या बाबतीतही हेच करून पाहू. त्यासाठी लागणारे एक उत्तम उपकरण तुमच्याजवळ आधीपासूनच आहे. ते म्हणजे तुमची मराठी.

या लेखात इंग्रजी शब्द आणि वाक्ये मी मुद्दाम नागरीत लिहिली आहेत. त्याचे कारण आता लगेच कळेल.

शाळेत आपण शिकतो की ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर. शब्द स्वराने सुरू झाला तर ‘ॲन’, नाहीतर ‘अ’. (हा ‘अ’ आपल्याकडे पुष्कळजण ‘ए’ असा वाचतात. बोलताना इंग्रज माणूस तो बहुधा आखूड ‘अ’ असाच उच्चारतो.) आता निरीक्षणे घ्या. ‘ॲन ॲटम’, ‘ॲन इलेक्ट्रॉन’, ‘अ प्रोटॉन’, ‘अ न्यूट्रॉन’. नियम बरोबर चालला. पण पुढे पाहा : ‘अ युनिट’, ‘अ युनिफॉर्म रॉड’, ‘अ युरेनियम ॲटम’. स्पेलिंगचे पहिले अक्षर यू आहे, तरी ‘ॲन’ नाही. उलट ‘ॲन अवर’; येथे पहिले अक्षर एच आहे, तरी ‘ॲन’ आहे. आणि ‘ॲन एक्स-रे’? एक्स तर त्या पाचांत कोठेच नाही. मग शिक्षक सांगतात, “हे अपवाद आहेत.” अपवादांची यादी वाढू लागली की वैज्ञानिकाला शंका आली पाहिजे. कदाचित नियमच चुकीचा मांडला असेल!

खरी गोष्ट अशी की हा नियम डोळ्यांचा नाही, कानाचा आहे. स्पेलिंग काय आहे याला महत्त्व नाही. तोंडातून पहिला ध्वनी कोणता बाहेर पडतो याला आहे. आणि ध्वनी लिहून दाखविण्याची कला नागरी लिपीला साधलेली आहे. तेव्हा युक्ती अशी : शब्द नागरीत लिहा. पहिले अक्षर बाराखडीच्या आधीच्या स्वरांतले, म्हणजे अ, आ, इ, ई, ए, ऐ, ओ, औ, ॲ, ऑ यांपैकी असेल, तर ‘ॲन’. व्यंजन असेल तर ‘अ’. ‘युनिट’ मध्ये पहिला य आहे, व्यंजन. म्हणून ‘अ युनिट’. ‘अवर’ अ-ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन अवर’. ‘एक्स-रे’ ए-ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन एक्स-रे’. ‘वन-वे रोड’ चे स्पेलिंग ओ-ने सुरू होते, पण कानाला व ऐकू येतो, म्हणून ‘अ वन-वे रोड’. अपवादांची यादी एका झटक्यात नाहीशी झाली.

आता नियमाची कसोटी घेऊ. इंग्रजीतली अक्षरे सुटी उच्चारली, तर किती अक्षरांना ‘ॲन’ लागेल? वहीत मांडून पाहा. ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स अशी बरोबर १२ अक्षरे निघतील. उरलेल्या १४ अक्षरांना ‘अ’. त्या १४ मध्ये यू-सुद्धा आहे, कारण त्याचे नाव य-ने सुरू होते. म्हणूनच दाब मोजायची ती वाकडी काचनळी ‘अ यू-ट्यूब’. (चलच्चित्रे दाखविणारी ती नव्हे!) ट्रान्झिस्टरच्या धड्यात ‘ॲन एन-टाइप सेमिकंडक्टर’ आणि शेजारीच ‘अ पी-टाइप सेमिकंडक्टर’ असे का छापलेले असते, याचाही उलगडा झाला.

आणखी गंमत पाहा. एकच वस्तू, पण नाव पुरे उच्चारले तर ‘अ लाइट-एमिटिंग डायोड’ आणि आद्याक्षरांनी उच्चारले तर ‘ॲन एलईडी’. लेसर हा शब्दही आद्याक्षरांनीच बनलेला आहे. पण आपण त्याची अक्षरे सुटी उच्चारीत नाही, अख्खा शब्द म्हणतो. म्हणून ‘अ लेसर’. त्याचप्रमाणे ‘अ रडार’, पण ‘ॲन आरएनए मॉलिक्यूल’. वस्तू बदलली नाही, स्पेलिंगचे पहिले अक्षरही बदलले नाही. बदलला तो फक्त उच्चार. नियम कानाचा आहे याला याहून चांगला पुरावा कोणता?

तसा एक पुरावा आहे. औषधी वनस्पतीला इंग्लंडमध्ये ‘हर्ब’ म्हणतात, तर अमेरिकेत त्यातला ह गिळून ‘अर्ब’. त्यामुळे लंडनमधला माणूस ‘अ हर्ब’ म्हणेल आणि न्यूयॉर्कमधला ‘ॲन अर्ब’. दोघेही आपापल्या परीने बरोबर.

आपल्या या उपकरणात एक दोष मात्र आहे, तो सांगायलाच हवा. आपण मराठी माणसे शब्दारंभीचा ए पुष्कळदा ‘ये’ असा आणि ओ ‘वो’ असा उच्चारतो. लिहितो ‘एक’, म्हणतो ‘येक’. त्या सवयीने ‘येक्स-रे’ किंवा ‘वोहम’ म्हटले, तर युक्ती फसेल. उलट वर्ष या अर्थाचा इंग्रजी शब्द आपण ‘इयर’ असा लिहितो, पण त्याच्या सुरुवातीला खरा य आहे. म्हणून ‘अ इयर’. कानाला मात्र ‘ॲन इअर’. मोजमापाच्या उपकरणात शून्याची चूक असू शकते, ती वजा करून वाचन घ्यावे लागते. तसेच हे समजा.

पण मुळात हा न आला कोठून? आपल्याला वाटते की ‘अ’ हा मूळ शब्द, आणि स्वर आला की मध्ये न घालतात. इतिहास नेमका उलटा आहे. जुन्या इंग्रजीत ‘एक’ या अर्थी जो शब्द होता त्यात न होताच. ‘ॲन’ आणि ‘वन’ ही दोन्ही त्याचीच वंशजे. पुढे व्यंजनाआधी तो न झिजून गेला आणि स्वराआधी टिकला, कारण दोन स्वर लागोपाठ उच्चारताना जीभ अडखळते. या ये-जा करणाऱ्या न-मुळे काही शब्दांची मोठी फसगत झाली. क्रिकेटचा अंपायर घ्या. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याच्या आरंभी न होता. अर्थ साधारण ‘जोडीबाहेरचा’, म्हणजे दोन पक्षांत न मोडणारा तिसरा माणूस. ‘अ नंपायर’ असे भरभर म्हणता म्हणता लोकांना ते ‘ॲन अंपायर’ ऐकू येऊ लागले, आणि अंपायरचा न ‘ॲन’ ने पळविला! ‘ॲप्रन’ चेही तसेच. तो मुळात ‘नॅप्रन’. उलट ‘न्यूट’ या पाणसरड्यासारख्या प्राण्याच्या आणि ‘निकनेम’ या शब्दाच्या नावात न मुळात नव्हता. तो ‘ॲन’ कडून त्यांना फुकट मिळाला. संत्र्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. आपल्या संस्कृत ‘नारंग’ पासून फारसी, अरबी असा प्रवास करीत तो शब्द युरोपात गेला. स्पॅनिशमध्ये न अजून शाबूत आहे. फ्रेंचमध्ये पोचेपर्यंत मात्र तो गळाला होता, आणि इंग्रजांना ‘ऑरेंज’ तसाच बिनन-चा मिळाला. आपण मात्र अजून ‘नारिंगी’ म्हणतो.

असो. कानाचाच नियम ‘द’ या शब्दाला लागतो : ‘द सन’, ‘द मून’, ‘द युनिव्हर्स’, पण ‘दि अर्थ’, ‘दि ऑर्बिट’. लिहिण्यात फरक नाही, म्हणण्यात आहे. ‘द’ कोठे लावायचा आणि कोठे नाही, हा मोठा विषय आहे. तो येथे पुरा होणार नाही. पण उत्तरपत्रिकांत नेहमी दिसणारी एक चूक सांगून ठेवतो. ‘द न्यूटन्स लॉ’, ‘दि ओहम्स लॉ’ असे लिहू नये. ‘न्यूटन्स’ म्हणजे ‘न्यूटनचा’. कोणाचा ते सांगितले की ‘द’ चे काम झाले. मात्र नाव नुसतेच, ‘चा’ न लावता, विशेषणासारखे आले तर ‘द’ हवा : ‘द रामन इफेक्ट’. २८ फेब्रुवारी १९२८ चा तो शोध. त्याच्या स्मरणार्थ आपण राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो. त्या दिवशी शाळेच्या फळ्यावर तेवढा ‘द’ विसरू नका.

आता दुसरा प्रश्न. ‘मच’ केव्हा आणि ‘मेनी’ केव्हा? ‘लेस’ केव्हा आणि ‘फ्यूअर’ केव्हा? मराठीत एकच ‘किती’ दोन्हीकडे चालतो : किती पाणी, किती मुले. इंग्रजीत पाण्याला ‘मच’ आणि मुलांना ‘मेनी’.

पदार्थविज्ञानात आपण दोन प्रकारच्या राशी पाहतो. काही गोष्टी आपण मोजतो : एक, दोन, तीन. मधे काही नसते. अडीच मुले वर्गात बसत नाहीत. काही गोष्टी आपण मापतो : पाणी, वेळ, उष्णता. तेथे दोन आणि तीन यांच्यामध्ये वाटेल तितकी मापे असतात. मोजण्याच्या गोष्टींना ‘मेनी’ आणि ‘फ्यूअर’. मापण्याच्या गोष्टींना ‘मच’ आणि ‘लेस’. ‘हाऊ मच वॉटर?’ पण ‘हाऊ मेनी लिटर्स ऑफ वॉटर?’ कारण पाणी मापले, लिटर मात्र मोजले.

येथे चौकस विद्यार्थी विचारील, “पाणी तरी अखंड कोठे आहे? तेही रेणूंचेच बनलेले आहे ना?” प्रश्न अगदी रास्त आहे. विद्युत्प्रभार पाहा. अमेरिकन शास्त्रज्ञ मिलिकन याने तेलाच्या थेंबांचे प्रयोग करून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवून दिले की प्रभार एका ठरावीक लहानशा प्रभाराच्या पटीतच आढळतो. म्हणजे तो खरोखर मोजता येतो! एक कूलोम म्हणजे सुमारे ६२४ वर सोळा शून्ये इतक्या इलेक्ट्रॉनांचा प्रभार. तरीसुद्धा इंग्रजीत ‘हाऊ मच चार्ज’ आणि ‘हाऊ मेनी इलेक्ट्रॉन्स’ असेच म्हणतात. भाषा मिलिकनच्या आधी घडली. तिने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेले नाही. निसर्गात वस्तू सुटी आहे की अखंड, हे भाषेला ठाऊक नसते. बोलणाऱ्याने ती कशी पाहिली, एवढेच ती सांगते.

आणि याबाबतीत इंग्रजीला नावे ठेवण्याआधी स्वयंपाकघरात डोकावून या. आई म्हणते, “गहू निवडले, तांदूळ निवडले,” पण “ज्वारी निवडली, बाजरी निवडली.” दाणे तर सगळ्यांचेच! “पोहे भिजवले” पण “रवा भाजला.” गहू अनेकवचनी का आणि ज्वारी एकवचनी का, याचे कारण तुम्हांला सांगता येईल? नाही. तरी चूक मात्र कधी होत नाही. इंग्रजीत गहू, म्हणजे ‘व्हीट’, एकवचनी आहे आणि ‘ओट्स’ अनेकवचनी. इंग्रज मुलालाही त्याचे कारण सांगता येणार नाही.

आपली चूक नेमकी कोठे होते, तेही यावरून ओळखता येते. जेथे मराठी आणि इंग्रजी एकाच पद्धतीने पाहतात तेथे चूक व्हायचे कारण नाही. ‘दोन माहित्या’ असे कोणी म्हणत नाही. मग ‘टू इन्फर्मेशन्स’ ही म्हणू नका. ‘इक्विपमेंट’ हा शब्द अगदी आपल्या ‘सामान’ सारखा आहे. सामान किती का असेना, ते ‘सामाने’ होत नाही. फार तर सामानाचे तीन नग होतात. इंग्रजीतही ‘थ्री पीसेस ऑफ इक्विपमेंट’. ‘इक्विपमेंट्स’ नाही. परंतु ‘पुरावा’ चे ‘पुरावे’ होतात आणि ‘सल्ला’ चे ‘सल्ले’, म्हणून आपण ‘एव्हिडन्सेस’ आणि ‘ॲडव्हाइसेस’ लिहून बसतो. केस आपण अनेकवचनी मानतो, म्हणून ‘माय हेअर्स आर ब्लॅक’! डोक्यावरच्या साऱ्या केसांना इंग्रजीत ‘हेअर’ आणि क्रियापद ‘इज’. विवक्षित एकच केस मात्र ‘अ हेअर’. प्रयोगशाळेत केसाची जाडी मोजता तेव्हा तो तसा येईल.

याउलट एक वाक्य. ‘पाच लिटर दूध सांडले’ असे आपण म्हणतो, ‘सांडली’ किंवा ‘सांडल्या’ म्हणत नाही. लिटर पाच असले तरी क्रियापद दुधाकडे पाहते. इंग्रजीतही एकंदर माप एकच धरले की क्रियापद एकवचनी : ‘टेन किलोमीटर्स इज अ लाँग डिस्टन्स’. पुष्कळांना हे चुकीचे वाटते. पण दहा सुटे किलोमीटर कोणी रस्त्यावर मांडून ठेवलेले नसतात, अंतर एकच असते.

या ‘किती’ च्या प्रकरणातच एक असा बारकावा आहे की ज्याने विज्ञानाचा अर्थच उलटा होऊ शकतो. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’. १९०९ साली मँचेस्टर येथे रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी धातूच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले. बहुतेक कण आरपार गेले. पण हजारो कणांमागे एखादा कण चक्क मागे फिरला. आता ‘अ फ्यू पार्टिकल्स केम बॅक’ आणि ‘फ्यू पार्टिकल्स केम बॅक’ या दोन वाक्यांत फरक काय? मराठीत तो एका च-ने दाखवितो. पहिले म्हणजे ‘थोडे कण परत आले’. दुसरे म्हणजे ‘थोडेच कण परत आले’, म्हणजे जवळजवळ नाहीच. पहिल्या वाक्याचा जोर ‘आले’ यावर आहे, दुसऱ्याचा ‘नाही’ वर. मोजलेली संख्या दोन्ही वेळी तीच. पण गायगर आणि मार्सडेन यांचे महत्त्व यात आहे की त्या थोड्या कणांकडे त्यांनी ‘थोडेच’ म्हणून दुर्लक्ष केले नाही. १९११ मध्ये रदरफोर्डने अणूच्या मध्याशी एक लहान, जड केंद्रक असले पाहिजे असे सांगितले, ते या ‘अ फ्यू’ च्याच आधारावर. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांतला फरकही असाच. फक्त तो मापायच्या गोष्टींसाठी. ‘देअर इज अ लिटल वॉटर इन द फ्लास्क’ म्हणजे थोडे पाणी आहे, प्रयोग चालू द्या. ‘देअर इज लिटल वॉटर’ म्हणजे धावा, चंचुपात्र आणा!

अनेकवचनांबद्दल थोडक्यात. ‘फिजिक्स’ आणि ‘मॅथेमॅटिक्स’ यांच्या शेवटचा स फसवा आहे, दोन्ही एकवचनी. ‘लेन्स’ चेही तेच. एक लेन्स, अनेक ‘लेन्सेस’. लॅटिनमध्ये ‘लेन्स’ म्हणजे मसूर, आणि बहिर्गोल भिंगाचा आकार पाहिला की हे नाव का पडले ते कळते. ‘डेटा’ मूळ लॅटिनमध्ये अनेकवचन. शास्त्रीय लेखनात पुष्कळजण अजूनही ‘डेटा आर’ लिहितात, बाकी सर्वत्र ‘डेटा इज’ रुळले आहे. माझे मत विचाराल तर दोन्ही चालतील, फक्त एकाच उत्तरात दोन्ही नकोत. ‘फिनॉमिना’ मात्र अनेकवचनच. ‘अ फिनॉमिना’ असे अनेक छापील मार्गदर्शकांतही आढळते. ते ‘अ फिनॉमिनॉन’ हवे. आणि तापमान सांगताना ‘डिग्री केल्विन’ म्हणू नका. १९६७ मध्येच आंतरराष्ट्रीय परिषदेने त्यातला अंश काढून टाकला. आता नुसते ‘केल्विन’.

यानंतर काळाचा प्रश्न. ‘वॉटर इज बॉइलिंग ॲट हंड्रेड डिग्रीज’, ‘दि अर्थ इज रिव्हॉल्व्हिंग राउंड द सन’, ‘द बॉडी इज हॅविंग मास’ अशी वाक्ये पेपरांत सर्रास असतात. येथेही मराठीला विचारा. ‘पाणी १०० अंशांना उकळते’ हा नियम झाला. ‘पाणी उकळत आहे’ ही चुलीवरची बातमी झाली. नियमाला ‘बॉइल्स’, बातमीला ‘इज बॉइलिंग’. ‘वस्तुमान असत आहे’ असे मराठीत म्हणाल का? मग ‘इज हॅविंग’ ही नको, नुसते ‘हॅज’.

पण मराठी जेथे साथ सोडते, ती जागा जास्त विचार करण्यासारखी आहे. दुसऱ्याचे बोलणे सांगताना मराठीत काळ बदलत नाही. ‘तो म्हणाला की मी आजारी आहे.’ इंग्रजीत ‘म्हणाला’ भूतकाळी आला की पुढचे क्रियापदही सामान्यतः मागे सरकते : ‘ही सेड दॅट ही वॉज इल’. आणि मग व्याकरणाच्या पुस्तकात एक सूट दिलेली असते. सांगितलेली गोष्ट त्रिकालाबाधित सत्य असेल, तर काळ मागे नेण्याची गरज नाही.

ही सूट आपण पाठ करतो आणि पुढे जातो. जरा थांबा. सत्य आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आर्यभटीय’ या ग्रंथात पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे सांगितले. इंग्रजीत लिहाल, ‘आर्यभट सेड दॅट दि अर्थ रोटेट्स’. वर्तमानकाळ. आता इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात होऊन गेलेल्या टॉलेमीचे मत सांगा : सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. येथे ‘मूव्ह्ज’ लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटेल की लेखकाचेही तेच मत आहे! म्हणून ‘टॉलेमी सेड दॅट द सन मूव्हड राउंड दि अर्थ’. (पहिल्या वाक्यात ‘रोटेटेड’ लिहिले तरी इंग्रज त्याला चूक म्हणणार नाही, दुसऱ्यात ‘मूव्ह्ज’ लिहिले तर मात्र भुवई उंचावेल.) मराठीत दोन्ही वाक्यांत ‘फिरते’ आणि ‘फिरतो’ असेच येते, आणि लेखकाला ते पटते की नाही हे क्रियापदावरून कळत नाही. आपल्याला त्यासाठी ‘म्हणे’ जोडावा लागतो!

म्हणजे कोणता काळ वापरायचा, हा प्रश्न इंग्रजीच्या तासाचा वाटतो खरा, पण त्याचे उत्तर विज्ञानाच्या तासाला मिळते. प्लूटोचे उदाहरण घ्या. १९३० साली त्याचा शोध लागला, तेव्हा तो नववा ग्रह ठरला. २००५ साली एखाद्या विद्यार्थ्याने ‘अवर टीचर सेड दॅट प्लूटो इज अ प्लॅनेट’ असे लिहिले असते, तर ‘इज’ बरोबर धरला गेला असता. ऑगस्ट २००६ मध्ये प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरविली आणि प्लूटो बटुग्रहांत गेला. आज तेच वाक्य ‘वॉज’ ने लिहावे लागेल. प्लूटो जागचा हलला नाही, व्याकरणाचा नियमही बदलला नाही. शिक्षकांनी हे वाक्य फळ्यावर लिहून वर्गात चर्चा घडवून आणावी. इंग्रजीच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून घेतली तर अधिक मजा येईल.

शेवटचा प्रश्न ‘इफ’ चा. येथे मराठी आणि इंग्रजी अगदी आमनेसामने उभ्या राहतात. ‘पाऊस आला तर सामना होणार नाही.’ पाऊस अजून यायचा आहे, तरी आपण ‘आला’ असे भूतकाळाचे रूप वापरतो. तेच जसेच्या तसे इंग्रजीत नेऊन मुले लिहितात, ‘इफ रेन केम…’ किंवा भविष्यकाळ म्हणून ‘इफ इट विल रेन…’. दोन्ही चूक. घडू शकणारी गोष्ट असेल तर इंग्रजीत ‘इफ’ नंतर साधा वर्तमानकाळ : ‘इफ इट रेन्स, द मॅच विल नॉट बी प्लेड’.

इंग्रजीने भूतकाळ राखून ठेवला आहे तो केवळ कल्पनेसाठी. ‘इफ देअर वेअर नो फ्रिक्शन, वुई कुड नॉट वॉक.’ घर्षण तर आहे. ‘वेअर’ हे रूप वाचकाला सांगते की आता मी खऱ्या जगातून बाहेर पाऊल टाकले आहे. अशा वेळी मराठीतही निराळे रूप येते : ‘घर्षण नसते तर आपल्याला चालता आले नसते.’ तेव्हा आधी मराठी वाक्य मनात म्हणून पाहा. ‘आला तर’ असे निघाले तर इंग्रजीत वर्तमानकाळ. ‘असते तर’, ‘नसते तर’, ‘आला असता तर’ असे निघाले तर ‘वेअर’ आणि ‘वुड’ यांच्या घरी जा.

हे घर विज्ञानाला फार जवळचे आहे. गॅलिलिओजवळ निर्वात पोकळी नव्हती. हवेचा अडथळाच नसता तर हलक्या आणि जड वस्तू सारख्याच वेगाने खाली आल्या असत्या, हे त्याला केवळ तर्काने ताडावे लागले, आणि १६३८ च्या आपल्या ग्रंथात त्याने तसे मांडले. पृथ्वीवर उभे राहून आपणही असेच म्हणू : ‘इफ देअर वेअर नो एअर, अ फेदर अँड अ हॅमर वुड फॉल टुगेदर.’ त्यानंतर ३३३ वर्षांनी, १९७१ च्या ऑगस्टमध्ये, अपोलो-१५ चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट चंद्रावर उभा राहिला. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात ससाण्याचे पीस. त्याने दोन्ही एकदम सोडली आणि ती एकदमच खाली पडली. या घटनेचे वर्णन करताना ‘इफ’ लागत नाही आणि ‘वुड’ ही लागत नाही : ‘द फेदर अँड द हॅमर फेल टुगेदर.’ साधा भूतकाळ. स्कॉटला त्या क्षणी कल्पनेत जायचेच असते, तर त्याला उलट म्हणावे लागले असते, ‘इफ देअर वेअर एअर हिअर, द फेदर वुड फॉल मोअर स्लोली.’